अपघाताची आगोट

रोहा,
हरतालिकेच्या आधीचा गुरुवार

ती. मोरोपंत यांस,

कमळाकरचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (डावा अंगठा नीट जुळलेला नाही, कारण त्याला पट्टी आहे. काळजीचं कारण नाही. प्रथमोपचाराची पेटी उघडताना तिच्याच पत्र्यानं कापला. पेटी हातातच असल्यामुळे उपचार तत्काळ झाले, यावरून अशी पेटी जवळ असणं किती गरजेचं आहे हे लक्षात यावं.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? मागे तुम्ही डावा म्हणाला होतात, पण जिना उतरताना तुम्ही जपत होतात तो उजवा; मी पाहत होतो. आसावरीवहिनींची पाठ काय म्हणते? तुमच्याकडच्या नळाला पाणी बरं येतंय ना? आणि घरातली बाकीची मंडळी? म्हणजे सध्या तुमच्याकडे जी कोणी मुक्कामाला असतील ती? नीट जेवतात ना? सहज विचारलं.

फोन असताना हे पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोन करून पाहिला. तुमचा फोन विमल उचलते, माझा आवाज ऐकते आणि ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून देते. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर तुम्ही चष्मा शोधेपर्यंत वहिनी तो मजकूर माजघरात मोठ्यानं वाचतात, हा पूर्वीचा अनुभव आहे. शिवाय फोनवर बोलताना कंस टाकता येत नाहीत आणि माझं निम्मं म्हणणं कंसातच असतं. तुम्ही बी.एस्सी. बी.एड. आहात, जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलंत. मी दहावीनंतर कुठल्याही वर्गात पाय ठेवला नाही; पंखे, मिक्सर, झेरॉक्सचं यंत्र आणि आता मोटारगाडी, जे काही येतं ते सोबतची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून. (शेवटच्या पानावर पत्ता असतो. तोही मी वाचतो.) पण शास्त्रीय मनाचा माणूस दुसऱ्या शास्त्रीय मनाच्या माणसाला ओळखतो, म्हणून हे सगळं तुमच्यापुढे मांडतो आहे. निवाडा तुम्ही करावा. माझ्या बाजूनं केलात तर बरं.

रविवारी विमल अचानक माहेरी, पेणला तुमच्याकडे आली. तिच्या केसांत भाताचा पेंढा होता, कपाळावर नेहमीच्या टिकलीऐवजी भलंमोठं कुंकू होतं, हे तुम्ही पाहिलंच असेल. तिनं तिची बाजू सांगितली असेल. ती खोटं बोलत नाही, पण तपशिलात कच्ची आहे. तिच्याकडून वहिनींमार्फत मला एकच निरोप आला: ‘बाप्पा यंदाही रेल्वेनंच येणार. त्या गाडीत मी परत पाय ठेवणार नाय.’ आता आमच्या घरची रीत तुम्हाला माहीत आहे. गणपती हमरापूरहून आणायचा, शाडूचाच, हरतालिकेच्या दिवशी, आणि वाटभर तो घरच्या बाईनं मांडीवर घ्यायचा. आई होती तोवर आईच्या मांडीवर, तिच्यामागे विमलच्या. विमल हरतालिकेच्या उपाशी पोटी पेण ते रोहा अशी मांडी न हलवता बसते, मधे कासूला कोणी शेंगदाणे विकायला आला तरी मान वळवत नाही. म्हणजे विमल गाडीत बसली नाही तर बाप्पा गाडीत बसत नाही, आणि बाप्पा बसणार नसेल तर गाडी घेतली कशाला, हा प्रश्न उभा राहतो. (तो शेजारच्या शांतीकाकूंनी परवाच उभा केला आणि अजून खाली ठेवलेला नाही.)

तर गाडी. ती आमच्या समोरच्या याकूबभाईंची. हे गृहस्थ कुवेतमध्ये अवजड ट्रेलर चालवून आले, आता गावी आंबा-सुपारी बघतात. त्यांनी नवी गाडी घेतली आणि जुनी मला दिली. चालवायला मी आधी पुस्तकावरून शिकलो, मग याकूबभाई शेजारी बसले. ते फारसं बोलत नाहीत. ‘बिस्मिल्ला’ म्हणतात आणि गाडी सुरू करायला सांगतात. एवढीच त्यांची अपघाताविरुद्धची तयारी. गाडी ठीक आहे, परंतु तिची माहितीपुस्तिका वाचताना एका पानावर मी थांबलो. धडक बसल्यावर फुगणारी जी पिशवी असते, ती या गाडीत फक्त चालकासमोर आहे. शेजारच्या सीटसमोर काही नाही, तिथं कागदपत्रं ठेवायचा खण आहे. मोरोपंत, मी त्या रात्री नीट जेवलो नाही. शेजारच्या सीटवर कोण बसणार? विमल. मांडीवर कोण? साक्षात गणपती. म्हणजे कंपनीनं माझी सोय केली आणि बायकोला व देवाला खणासमोर बसवलं. हे मला पटलं नाही, आणि जे पटत नाही ते दुरुस्त केल्याशिवाय मी राहत नाही. विमल हा भाग सांगताना वगळणार, म्हणून मुद्दाम लिहिला.

पुढे विचार वाढत गेला. आपल्या कोकणात मिरगाच्या आधी प्रत्येक घर आगोट भरतं. लाकूडफाटा, कांदे, सुकी मासळी (आमच्याकडे नाही, पण भरणारे भरतात), पापड, कुळीथ. पाऊस कधी येईल, किती येईल, नागोठण्यात अंबा नदी कुठवर चढेल, कोणी सांगू शकत नाही. पण येणार हे गृहीत धरून माणूस आधी घर भरतो. मग अपघाताची आगोट का नको? गाडी कशी चालवावी हे शिकवणारे गल्लोगल्ली आहेत. अपघात कसा करून घ्यावा, हे शिकवणारा एकही वर्ग पेणमध्ये नाही आणि रोह्यातही नाही. माणसं अगदी अडाण्यासारखी अपघाताला सामोरी जातात. कोणी ओरडतो, कोणी चप्पल शोधतो, कोणी उगीच मोबाइल काढून चित्रण करतो. घरात सत्यनारायण असला तर कोणी पाट मांडायचे, कोणी प्रसाद करायचा, हे ठरलेलं असतं. इथं जिवाचा प्रश्न, आणि कामाची वाटणीच नाही!

मी वाटणी केली. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनचं यंत्र घरचंच असल्यामुळे प्रत्येकाचं एक कार्ड केलं, दोरा ओवून गाडीत टांगलं. विमलच्या कार्डावर तिचं नाव, रक्तगट, तुमचा फोन नंबर, आणि मदतीला येणाऱ्यांसाठी सूचना: ‘या बाईंना घाबरण्याची सवय आहे. प्रथम पाणी द्यावे.’ माझ्या कार्डावर: ‘यांना सर्व माहिती आहे. यांना विचारावे.’ विमलनं दोन्ही वाचली आणि विचारलं, तुम्ही बेशुद्ध असलात तर? प्रश्न बिनतोड होता, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. कार्ड पुन्हा केलं. मागच्या बाजूला घातलं: ‘बेशुद्ध असल्यास शुद्धीवर आणून विचारावे.’ यावर तिनं दोन्ही कार्डं माझ्या हातात परत ठेवली. तिचं असं काही परत ठेवणं कसं असतं ते थोरले भाऊ म्हणून तुम्ही लहानपणापासून पाहिलेलं आहे.

डिकीत पट्ट्या, कात्री, विजेरी, शिट्टी, गोड बिस्किटं, आणि मागून येणाऱ्या गाड्यांना दाखवायला धोक्याचं मोठं लाल फडकं ठेवलं. दार अडकलं तर काच फोडायला काहीतरी जड पण हातात मावणारं हवं होतं, म्हणून स्वयंपाकघरातल्या खलबत्त्याचा बत्ता घेतला. (त्यानंतर आमच्याकडे लसणीची चटणी झाली नाही. विमलनं खल तसाच ओट्यावर ठेवला, मधोमध, मला जेवताना दिसेल असा.) इस्पितळात नेलं तर बरं दिसावं म्हणून तिची एक चांगली साडीही घडी करून ठेवली. हे ऐकल्यावर मात्र ती पहिल्यांदा जरा खुलली. कुठली ठेवलीत, म्हणाली. मी म्हटलं, जांभळी. तर म्हणे, ‘जांभळी? ती मी निलेशच्या बहिणीच्या लग्नात नेसले होते. अपघातात परत तीच?’ आता रायगड जिल्ह्यातल्या कुठल्या डॉक्टरला हे कळणार आहे? तरी बदलली.

जखमांच्या पट्ट्यांची आकृती पाहून सराव करणं आवश्यक होतं. विमल मालिका बघत बसली होती, म्हणजे हलण्याची शक्यता नव्हती, म्हणून तिच्या डोक्याला, हनुवटीखालून, आकृतीप्रमाणे पट्टी बांधली. उत्तम बसली. तेवढ्यात दुकानात कोणी मतदार ओळखपत्राच्या झेरॉक्सला आलं, मी गेलो, आणि विमलला जाहिरातींच्या वेळी दूध तापवायची आठवण झाली. दूधवाल्यानं तिला पाहिलं, त्यानं शांतीकाकूंना सांगितलं, शांतीकाकूंनी तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही अंगाला साबण असताना मला फोन केलात. त्याबद्दल मी तेव्हाच दिलगिरी व्यक्त केली आहे. पण एक लक्षात घ्या: पट्टी इतकी बिनचूक होती की पाहणाऱ्याला जखम दिसली.

आता हमरापूर. निलेशच्या कारखान्यात मी यंदाची मूर्ती पाहायला गेलो. (तोच निलेश, जांभळ्या साडीचा.) बाहेर टेम्पो भरणं चाललं होतं. मोरोपंत, तुम्ही पेणचे, तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. पण शास्त्रीय मनानं पाहा. एवढीशी बोटं, पातळ कान, पुढे आलेली सोंड. आणि ही मूर्ती खोक्यात बसून त्या महामार्गावरून, त्या खड्ड्यांतून, पार नागपूरपर्यंत जाते आणि सोंडेला टवका उडत नाही! कशामुळे? मी जवळ जाऊन बघितलं. तळाला पेंढ्याची जाड बैठक. पाठीमागे पेंढा. दोन्ही बाजूंना दाबून पेंढा. हातांच्या खाली कागदाचे बोळे, म्हणजे हात लोंबकळत नाहीत. सोंडेपुढे मऊ गुंडाळी. मी तिथंच उभा राहिलो आणि मला उत्तर सापडलं. जी व्यवस्था शाडूला पुरते ती विमलला का पुरू नये? निलेशला बोलून दाखवलं. तो आधी हसला, मग हातातली दोरी खाली ठेवून म्हणाला, ‘काका, बाप्पा पोचतो कारण तो वाटेत बोलत नाय.’ कारागीर माणूस, त्याला तत्त्व कळलं नाही. पण पेंढा त्यानं भरपूर दिला.

विमलनं या गोष्टीला संमती दिली होती, हे मी इथं अधोरेखित करतो. अट एवढीच होती की एकदा काय ती तालीम होऊ दे, मग या विषयावर घरात अवाक्षर काढायचं नाही, आणि बत्ता परत द्यायचा. रविवारचा दिवस ठरला. रोह्याहून निघायचं, कासूच्या पुढे एक आतला रस्ता आहे तिथं तालीम करायची, मग तुमच्याकडे चहाला यायचं. याकूबभाईंनाही निमंत्रण दिलं होतं. ते म्हणाले, ‘कमळाकर, मी तालमीला येत नाय. खरा अपघात कर. बोलव, येतो.’

घरासमोरच मी विमलला बसवून निलेशच्या पद्धतीनं भरली. खाली पेंढा, पाठीशी पेंढा, दोन्ही बाजूंना दाबून पेंढा, हातांखाली वर्तमानपत्राचे बोळे, पुढ्यात गोधडीची गुंडाळी. बोळे भरताना मी तिला विचारलंही, कुठं टोचत नाही ना? ती म्हणाली, मनाला. अर्धा रोहा गॅलरीत उभा होता. ओळखीचं कोणी बघू नये म्हणून तिला तोंड झाकायचं होतं, आणि हाताशी आलं ते धोक्याचं लाल फडकं. ते तिनं स्वतःच्या हातानं डोक्यावरून पुढे ओढून घेतलं. हा निर्णय सर्वस्वी तिचा होता. पुढचं सगळं या फडक्यामुळे झालं, पेंढ्यामुळे नव्हे.

मी अतिशय सावकाश निघालो. नागोठण्यापर्यंत मला वाटत होतं की लोक माझ्या चालवण्याला दाद देताहेत, कारण जो तो हात जोडत होता. एक ट्रकवाला मला पुढे जाऊ देण्यासाठी चक्क थांबला. एका मोटरसायकलवाल्यानं चालत्या गाडीवर पायातली चप्पल काढायचा प्रयत्न केला, ते मला जरा धोकादायक वाटलं. (कार्ड द्यावं असं मनात आलं.) विमल आतून काहीतरी बोलत होती, पण फडक्यामुळे आणि पेंढ्यामुळे नीट कळत नव्हतं. हमरापूरकडून येणाऱ्या गणपतींचे दिवस, सावकाश चाललेली गाडी, पुढच्या सीटवर पेंढ्यात दाटून बसवलेलं, लाल वस्त्रानं झाकलेलं काहीतरी. आता विचार केला की सगळं स्पष्ट होतं. तेव्हा माझं लक्ष आरशात होतं. आपली गाडी रोह्याकडे जायच्याऐवजी पेणकडे, म्हणजे उलट चालली आहे, हे मात्र कोणाच्याच लक्षात आलं नाही. श्रद्धेचं हे असं असतं.

कासूच्या पुढे आतल्या रस्त्यावर ठरवल्याप्रमाणे मी गाडीचं पुढचं डावं चाक बांधावरून शेतात उतरवलं. विमल ‘गाडी पडली’ म्हणाली असेल. गाडी पडली नाही, मी ती उतरवली. एका अंगाला कलली, तीही अपेक्षेइतकीच. मग नियमाप्रमाणे शिट्टी वाजवली. मोरोपंत, कासूची माणसं किती तत्पर! भाताच्या बेणणीतून, तण काढायचं सोडून, माणसं चिखलाच्या पायांनी धावत आली, घरांतून आली, कोणी अर्ध्या दाढीनं आला. आणि सगळ्यात पुढचा ओरडला, ‘आरं बाप्पाची गाडी गेली रं खाली! पयला बाप्पाला काढा, डायवरचं मागनं बघू!’

मी आतून ओरडून सांगत होतो की जखमी व्यक्तीला एकदम हलवू नये, आधी कार्ड वाचावं. एक जण म्हणाला, ‘गप ऱ्हावा हो, बाप्पा आदी.’ त्यांनी दार उघडलं आणि विमलला पेंढ्यासकट, बैठकीसकट, सहा हातांवर तोललं. काय त्यांचं ते उचलणं! ‘हात सांभाळ, हात!’ ‘कानाला धक्का लागल!’ ‘अरे सोंड धरा कोणीतरी!’ सोंड धरायला ज्यानं हात घातला त्याच्या हाती विमलचं नाक आलं. पेंढ्याच्या धुळीनं आलेली आणि तिनं मघापासून दाबून ठेवलेली शिंक तेव्हा सुटली.

सगळे जागच्या जागी. उचललेले हात तसेच वर. एक म्हातारी म्हणाली, ‘बाप्पा शिंकला गो!’ आणि आडवी पडून नमस्कार करायला लागली. दुसरी म्हणाली, शिंक म्हणजे अपशकुन. पहिली म्हणाली, माणसाची अपशकुन, देवाची कशी असल? हा वाद रंगणार इतक्यात फडक्याच्या आतून विमल म्हणाली, ‘अहो, खाली ठेवा मला! बाई आहे मी, बाई! गोवेकाकांची लेक विमल, पेणची!’

त्यांनी तिला खाली ठेवलं, मोरोपंत, पण टाकलं नाही; बाप्पाला ठेवावं तसंच अलगद ठेवलं. फडकं बाजूला झालं. एक घरधनीण तोवर पाण्याचा तांब्या आणि हळदकुंकू घेऊन पोचली होती. ती क्षणभर बघत राहिली, मग म्हणाली, ‘आलीस तशी कुंकू लाव गो बाय, आणलंय तं माघारी कशाला न्यायचं?’ ते हे कुंकू. मग विमलला आंब्याखाली पोत्यावर बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं, चहा आणला. (तिच्या कार्डावरची ‘प्रथम पाणी द्यावे’ ही सूचना न वाचताही पाळली गेली, याची नोंद घ्यावी.) गाडी त्यांनी मिळून हातांनीच वर काढली. मी अजून आतच होतो, पट्टा लावून. कोणीतरी विचारलं, ‘ताय, त्या डायवरला पण चहा देऊ का?’ तर विमल माझ्याकडे बघून म्हणाली, ‘त्यांना तिथंच असू द्या. त्यांना सर्व माहिती आहे.’

नंतर ती उठली, पदर झटकला, त्या घरधनिणीच्या पाया पडली आणि कासू स्टेशनाकडे चालू लागली. मी मागून गाडी सावकाश नेली, खिडकीतून हाका मारल्या. तिनं मागे पाहिलं नाही. मागे पेंढा सांडत होता, आणि कोणाची तरी गाय तो खात तिच्यामागून चालली होती, एवढंच. पेणची गाडी आली, ती बसली. मी फलाटावर उभा, आणि गळ्यात शिट्टी.

घडलं ते असं. तांत्रिकदृष्ट्या तालीम यशस्वी झाली: प्रवासी सुखरूप, मदत तत्काळ, वाहन पूर्ववत. कुठलीही मागणी करण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही, खरी हकीकत तुमच्या कानावर असावी एवढाच हेतू. मी इथं मजेत आहे. स्वयंपाक पुस्तकावरून करतो. आमटीला अजून चव सापडलेली नाही, पण जिन्नस सगळे बरोबर आहेत. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मधल्या वयाच्या एका व्यक्तीला काय लिहावं ते सुचत नाही.

तुमचा,
कमळाकर

ता. क. बत्ता धुऊन, पुसून खलात ठेवला आहे. विमलच्या कानावर घालावं. मुद्दाम नको, बोलण्याच्या ओघात.

आणखी एक ता. क. मागणी नाही असं वर लिहिलं, ते पुन्हा वाचताना बरोबर वाटेना. तिला जरा समजवा. पेंढा सगळा काढला, गाडी झाडली. फडकं जाळायला सांगितलं तर जाळतो. कार्डं उतरवली. हरतालिकेला मी सकाळीच पेणला गाडी घेऊन येतो, तिनं फक्त बाप्पाला घेऊन बसावं. आईनंतर तिच्या मांडीशिवाय आमचा गणपती कधी उंबऱ्याच्या आत आलेला नाही, आणि तिच्याशिवाय तो आत आला तरी मला आरतीची सुरुवात येत नाही, ती तीच करते.

तिसरं ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडून लिहितो आहे. हे पत्र टपालात टाकायला गाडी घेऊन निघालो. मागे घेताना याकूबभाईंच्या कुंपणाच्या खांबाला लागली. चालकासमोरची पिशवी फुगली नाही. (धक्का पाठीमागून असल्यामुळे ती फुगणं अपेक्षितही नाही.) मला काही झालं नाही. पण खरं सांगायचं तर शिट्टी गळ्यात असून मी वाजवली नाही. विजेरी, कात्री, पट्ट्या, काही आठवलं नाही. मी मोठ्यानं ‘विमल!’ अशी हाक मारली. दोनदा. शांतीकाकू साक्षीला आहेत, म्हणजे हे तुमच्यापर्यंत पोचलंही असेल. याकूबभाई लुंगी सावरत बाहेर आले, खांबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘बोलव म्हणालो व्हतो, दारात घेऊन येशील असं नव्हतो म्हणालो.’ मग पाणी दिलं.

तेव्हा हरतालिकेला मी रेल्वेनं येतो. बाप्पा विमलच्या मांडीवर, आणि पिशव्या, छत्री, निलेश मूर्तीबरोबर देतो तो नारळ, सगळं माझ्याकडे. शेजारी बसू दिलं तर शेजारी बसेन, नाहीतर समोर.

शेवटचं. माझं कार्ड नव्यानं लिहिलं आहे. पुढच्या बाजूला: ‘यांना काही विचारू नये. विमलला विचारावे.’ मागची बाजू कोरी ठेवली आहे. अजून लॅमिनेट केलेलं नाही; तिला मजकूर वाचून दाखवा आणि काही फेरफार असेल तर लगेच कळवा. एकदा यंत्रातून गेलं की मग बदलता येत नाही.